हवाई वाहतूक नियंत्रणाचे एकत्रीकरण आणि आपले स्थानिक विमानतळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या आकाशाचे नियोजन बदलू लागले, की कोल्हापूर, नाशिक, जळगाव किंवा सिंधुदुर्गच्या प्रवाशाला पहिली शंका येते ती आपल्या विमानतळाचे काय होणार याची. ही शंका रास्त आहे. मात्र ‘एकत्रीकरण’ या एकाच शब्दाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जात असल्यामुळे उत्तरेही मिसळलेलीच मिळतात. येथे त्या शक्य तितक्या वेगळ्या केल्या आहेत.

एकत्रीकरण म्हणजे नेमके काय एकत्र केले जाते?

विमान निघाल्यापासून उतरेपर्यंत ते एकाच नियंत्रकाच्या हाती नसते. धावपट्टी, टॅक्सी-वे आणि विमानतळाच्या अगदी लगतचे आकाश टॉवर सांभाळतो. त्यापुढे कित्येक किलोमीटरांच्या परिसरात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची रांग लावण्याचे काम अप्रोच कंट्रोलकडे असते. प्रवासाच्या उंचीवरील विमाने एरिया कंट्रोल पाहते. एकत्रीकरण यांपैकी कोणत्याही थरात होऊ शकते आणि प्रत्येक थरातील परिणाम वेगळा असतो. एरिया कंट्रोल दुसऱ्या शहरात गेले, तर स्थानिक विमानतळाला ते बहुधा जाणवतही नाही. अप्रोच हलले, तर जाणवते. टॉवर हलला किंवा बंद झाला, तर विमानतळाचे स्वरूपच बदलते. म्हणून अशी बातमी वाचताना ‘कोणता थर?’ हे आधी विचारावे.

रेल्वेचे उदाहरण मुंबईकराला लगेच पटेल. लोकलच्या वाहतुकीवर एका नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवले जाते, म्हणून कोणी स्थानकावरचा स्टेशनमास्तर काढून टाकत नाही. कक्षाला संपूर्ण मार्ग दिसतो, पण फलाटावर काय चालले आहे ते स्टेशनमास्तरलाच दिसते.

भारतात हे काम कोण करते? विमानतळ खासगी झाला, तर टॉवरही खासगी होतो का?

होत नाही. १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुन्या प्राधिकरणांचे विलीनीकरण होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले आणि नागरी हवाई वाहतुकीचे नियंत्रण त्याच्याकडे आहे. मुंबई विमानतळाची इमारत, दुकाने आणि धावपट्ट्यांची देखभाल २००६ पासून खासगी कंपनीकडे असली, तरी टॉवरमधील नियंत्रक प्राधिकरणाचेच कर्मचारी आहेत. त्यासाठी विमानतळ चालवणारी कंपनी आणि प्राधिकरण यांच्यात स्वतंत्र करार असतो. दुसऱ्या शब्दांत, संस्थेच्या पातळीवर आपल्याकडे एकत्रीकरण तीस वर्षांपूर्वीच झालेले आहे. आज चर्चा आहे ती कक्षांच्या आणि यंत्रणांच्या एकत्रीकरणाची.

महाराष्ट्रापुरते दोन मोठे अपवाद ध्यानात ठेवावेत. पुण्याचा लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि तेथील नियंत्रण हवाई दलाकडेच आहे. नाशिकजवळचे ओझर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे आहे. शेजारच्या गोव्यात दाबोळीचे नियंत्रण नौदलाकडे आहे. नागरी कक्ष कितीही एकत्र केले, तरी या ठिकाणी सीमारेषा राहणारच. पुण्याच्या उड्डाणांच्या वेळा हवाई दलाच्या सरावाशी जुळवून घ्याव्या लागतात, त्याचे उत्तर एकत्रीकरणात नाही.

एफआयआर म्हणजे काय? आणि नागपूरचे नाव वारंवार का घेतले जाते?

पोलीस ठाण्यातील एफआयआरशी याचा संबंध नाही. येथे त्याचा अर्थ उड्डाण माहिती क्षेत्र असा आहे. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य क्षेत्रांत विभागले आहे, त्यांशिवाय गुवाहाटीचे एक उपक्षेत्र आहे. मुंबईच्या क्षेत्रात अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. आखाताकडे किंवा आफ्रिकेकडे जाणारे विमान किनारा सोडून तासभर पुढे गेले, तरी बराच काळ मुंबईशीच बोलत असते.

वरच्या आकाशाचे, म्हणजे ढोबळमानाने २५ हजार फुटांवरील थराचे, एकत्रीकरण देशात टप्प्याटप्प्याने चालू आहे. दक्षिणेत निरनिराळ्या शहरांतील रडारची माहिती जोडून वरचा थर चेन्नईतून हाताळण्याची व्यवस्था आधी झाली. चारही क्षेत्रे जोडून संपूर्ण देशाचे आकाश नागपुरातून एकसंध पाहण्याची ‘ईशान’ नावाची योजना प्राधिकरणाने २०२४च्या अखेरीस पुढे आणली. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे कारण सर्वांना सुचते. पण रडारची माहिती तारांतून आणि उपग्रहातून येत असल्यामुळे केंद्र कोठे असावे याला भूगोलाचे बंधन आज फारसे उरलेले नाही. जागा, मनुष्यबळ आणि पर्यायी संपर्कमार्ग यांची सोय कोठे होते, हेच निर्णायक आहे.

वरचा थर एकत्र केल्याने लहान विमानतळाला काही लाभ होतो का?

थेट लाभ कमी, अप्रत्यक्ष लाभ बऱ्यापैकी. प्रत्येक सीमेवर एक नियंत्रक विमान दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. त्या वेळी उंची, वेळ आणि अंतर यांची जुळवणी करावी लागते आणि सावधगिरी म्हणून दोन विमानांमध्ये जादा अंतर ठेवले जाते. सीमा कमी झाल्या, की मार्ग सरळ होतात आणि इंधन वाचते. युरोपात मास्ट्रिख्ट येथे १९७२ मध्ये सुरू झालेले केंद्र बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरचा वरचा थर एकाच छताखाली सांभाळते. त्या देशांतील स्थानिक विमानतळांचे टॉवर त्यामुळे बंद झाले नाहीत.

मात्र कोल्हापूर–मुंबई विमान जेमतेम त्या उंचीच्या आसपास जाते आणि लगेच उतरू लागते. सरळ मार्गाची बचत दिल्ली–बंगळूरु उड्डाणाला होईल तितकी त्याला होणार नाही. लहान विमानतळांच्या नावाने हा लाभ सांगितला जातो, तेव्हा तो थोडा फुगवलेला असतो असे माझे मत आहे.

आमच्या गावाहून मुंबईला निघालेले विमान ‘मुंबईची परवानगी नाही’ म्हणून जमिनीवरच थांबते. हा एकत्रीकरणाचाच परिणाम आहे का?

काही अंशी, होय. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकाच धावपट्टीचे काम होते. तासाला पंचेचाळीसच्या आसपास उड्डाणे आणि अवतरणे एवढीच तिची मर्यादा आहे आणि दिवसाला हजारापर्यंत हालचाली त्यातच बसवाव्या लागतात. पावसाळ्यात जोराच्या सरीने दृश्यमानता घटली, की ही मर्यादा आणखी खाली येते. पूर्वी अशा वेळी विमाने येत राहत आणि मुंबईभोवती घिरट्या घालत. आता संपूर्ण देशाच्या वाहतूक प्रवाहाचे नियोजन दिल्लीतील मध्यवर्ती केंद्रातून होते. मुंबईवर ताण येणार असे दिसले, की निघण्याच्या ठिकाणीच विमानाला वेळ ठरवून दिली जाते. हवेत चाळीस मिनिटे इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर चाळीस मिनिटे थांबणे स्वस्तही आहे आणि सुरक्षितही, त्यामुळे तत्त्व म्हणून यात चूक काढता येत नाही.

तरीही त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे मान्य करावे लागेल. दिल्लीहून मुंबईला दिवसभर विमाने आहेत, एक उशिरा आले तर दुसरे सापडते. लहान गावाहून दिवसाला एकच विमान असते. त्याला तासभर उशीर झाला, की प्रवाशाचे पुढचे जोडविमान हुकते. गावच्या विमानतळाची कामाची वेळ संपत आली असेल, तर परतीची फेरीही धोक्यात येते. प्रवाहाचे नियोजन करणाऱ्या संगणकाला ७२ आसनांचे छोटे एटीआर विमान आणि ३०० आसनांचे मोठे विमान ही दोन्ही ‘एक हालचाल’ म्हणूनच दिसतात.

लहान गावांना मुंबईत स्लॉटच, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, मिळत नाहीत, ही तक्रार मात्र वेगळी आहे. ती धावपट्टीच्या क्षमतेची तक्रार आहे, नियंत्रणाच्या रचनेची नव्हे.

अप्रोच कंट्रोल दुसऱ्या शहरात हलवले, तर काय होऊ शकते?

याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील न्यूअर्कचे आहे. न्यूयॉर्क परिसरातील तीन मोठ्या विमानतळांचे अप्रोच लाँग आयलंडवरील वेस्टबरी येथील एकाच कक्षातून चालत असे. तेथे नियंत्रकांची टंचाई झाल्यामुळे जुलै २०२४ मध्ये न्यूअर्कचे काम फिलाडेल्फियाला नेण्यात आले. माणसे हलली, पण रडारची माहिती वेस्टबरीमार्गेच तारांतून पुढे जात राहिली. २८ एप्रिल २०२५ रोजी ती जोडणी तुटली आणि सुमारे दीड मिनिट नियंत्रकांचा पडदा आणि रेडिओ दोन्ही बंद पडले. अपघात झाला नाही. पण त्या धक्क्यानंतर काही नियंत्रक रजेवर गेले आणि पुढचे काही आठवडे न्यूअर्कची विमाने मोठ्या संख्येने रखडली व रद्द झाली. त्याच सुमारास तेथील एका धावपट्टीचे काम सुरू होते, त्याचाही त्यात वाटा होता. मे महिन्यात जोडणी पुन्हा तुटली.

दुसरे उदाहरण जास्त वेदनादायक आहे. दक्षिण जर्मनीवरील आकाशाचा एक भाग स्वित्झर्लंडमधील झ्युरिकच्या कक्षाकडे सोपवलेला होता. १ जुलै २००२च्या रात्री तेथे एकच नियंत्रक कक्षातील दोन टेबलांचे काम पाहत होता, दुसरा विश्रांतीसाठी गेला होता. देखभालीमुळे मुख्य दूरध्वनी बंद होते आणि रडार यंत्रणेच्या काही सुविधाही काढलेल्या होत्या. फ्रीड्रिशहाफेन या छोट्या विमानतळावर उशिरा येणारे एक विमान त्याला उतरवायचे होते, पण त्या विमानतळाशी फोनवर संपर्क होईना. त्या खटपटीत जर्मनीतील उबरलिंगेन गावावर दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली आणि आदळली. ७१ जण मरण पावले.

दूरच्या कक्षातून अप्रोच चालवणे मुळातच धोक्याचे आहे, असा अर्थ यातून काढू नये. लंडनचे पाच मोठे विमानतळ बऱ्याच दूर असलेल्या स्वॉनविक येथील कक्षातून व्यवस्थित सांभाळले जातात. धोका निर्माण होतो तो जोडणीला पर्याय नसेल आणि रात्रपाळीत माणसे कमी असतील तेव्हा. छोट्या विमानतळाचा एक फोन मोठ्या कक्षात कोण उचलणार, हे ठरलेले असले पाहिजे.

एका केंद्रातला बिघाड सगळीकडे पसरतो, हे खरे आहे का?

खरे आहे. ६ आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीतील संदेशवहन यंत्रणा बिघडली आणि उड्डाण योजनांची देवाणघेवाण हाताने करावी लागली. आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला आणि त्याचे पडसाद मुंबईसह इतर विमानतळांवर उमटले. ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी एका उड्डाण योजनेत मार्गावरचे एकाच नावाचे दोन वेगळे बिंदू आल्यामुळे मुख्य आणि राखीव दोन्ही संगणक थांबले आणि सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. राखीव संगणक शेजारी होता, पण त्यातही तोच प्रोग्राम असल्यामुळे तो तेथेच अडखळला. शिकागोजवळच्या हवाई नियंत्रण केंद्रात सप्टेंबर २०१४ मध्ये एका कंत्राटी कर्मचाऱ्याने आग लावली, तेव्हा कामकाज पूर्ववत व्हायला सतरा दिवस लागले. मात्र त्या काळात शेजारच्या केंद्रांनी बराच भार उचलला, हेही विसरू नये. सर्वच शेजारी एका छताखाली आणले, तर असा भार उचलणारे कोणी उरत नाही. नागपूरच्या योजनेबाबत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा.

लहान विमानतळांचे टॉवर बंद होतील का?

वरच्या थराच्या एकत्रीकरणाचा तो आपोआप होणारा परिणाम नाही. परंतु खर्चाची चर्चा सुरू झाली, की ज्या टॉवरवर दिवसाला चार विमाने येतात तो डोळ्यांत येतो, हा जगभरचा अनुभव आहे. अमेरिकेत ऑगस्ट १९८१च्या संपानंतर अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना कामावरून काढण्यात आले आणि पुढच्याच वर्षी लहान टॉवर कंत्राटावर देण्यास सुरुवात झाली. आज असे अडीचशेहून अधिक टॉवर आहेत. २०१३ मध्ये सरकारी खर्चकपातीत त्यांपैकी १४९ बंद करण्याची घोषणा झाली होती. गावोगावच्या विरोधानंतर संसदेने निधीची वाट काढली आणि ते वाचले.

टॉवर नसला म्हणजे विमान उतरतच नाही, असे नाही. काही ठिकाणी नियंत्रण न देता फक्त वारा, धावपट्टीची स्थिती आणि जवळपासची वाहतूक यांची माहिती पुरवली जाते आणि निर्णय वैमानिक घेतो. फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांना हे चालते. नियमित प्रवासी सेवा पावसाळ्यात आणि ढगाळ वातावरणात चालवायची असेल, तर तेवढ्यावर भागवणे मला योग्य वाटत नाही.

दूरस्थ टॉवर हा पर्याय आहे का?

आहे, आणि तो गांभीर्याने पाहावा असा आहे. स्वीडनमधील अर्न्शेल्ड्सविक या छोट्या विमानतळाचा टॉवर २०१५ पासून सुमारे दीडशे किलोमीटर दूरच्या सुंड्सवाल येथून कॅमेऱ्यांच्या साह्याने चालवला जातो. नॉर्वेत अनेक छोटी विमानतळे बोडो येथील केंद्रातून सांभाळली जातात. लंडन सिटी विमानतळावर ५० मीटर उंच खांबावर १६ कॅमेरे आहेत आणि नियंत्रक स्वॉनविकमध्ये बसतात.

याचा लहान विमानतळाला मिळणारा खरा फायदा कामाच्या वेळेचा आहे. एकाच केंद्रातले नियंत्रक पाळीपाळीने तीन-चार विमानतळ पाहू शकले, तर संध्याकाळी सहानंतर आलेली रुग्णवाहिका-विमानाची विनंतीही स्वीकारता येते. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. कोकणातल्या जुलैच्या पावसात कॅमेऱ्याची काच स्वच्छ ठेवणे, वीज आणि ऑप्टिकल फायबर अखंड राहणे, धावपट्टीवर शिरलेले कुत्रे किंवा घारींचा थवा वेळेत दिसणे, यांची कसोटी स्वीडनच्या बर्फात लागलेली नाही.

स्थानिक माहितीला खरेच एवढे महत्त्व आहे का?

मुंबईतील जुहूचा छोटा विमानतळ आणि सांताक्रूझचा मुख्य विमानतळ यांचे उदाहरण घ्या. १५ जुलै १९५३ रोजी एक कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एका जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. जवळजवळ असलेल्या दोन विमानतळांमुळे होणारी अशी गल्लत नकाशावर दिसत नाही, ती त्या कक्षातल्या माणसांच्या स्मरणात असते. आज उपकरणे सुधारली असल्यामुळे तशी चूक होणे फार कठीण आहे, पण प्रत्येक विमानतळाचे असे काही ना काही असते : कोठे टेकडी, कोठे दुपारनंतर फिरणारा वारा, कोठे पहाटेचे धुके. म्हणूनच नियंत्रकाचा परवाना देशभर चालला, तरी विशिष्ट कक्षात काम करण्याची पात्रता तेथेच प्रशिक्षण घेऊन मिळवावी लागते. कक्ष हलवताना ही पात्रता नव्या माणसांना पुन्हा कमवावी लागते आणि त्याला महिने लागतात. कागदावरच्या वेळापत्रकात हे महिने बहुधा कमी धरलेले असतात.

नवी मुंबई विमानतळामुळे मुंबईत एकत्रीकरण अपरिहार्य झाले आहे का?

अप्रोचच्या थरात, होय. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. सांताक्रूझ (मुंबई विमानतळ) आणि उलवे (नवी मुंबई विमानतळ) यांच्यातील हवाई अंतर इतके कमी आहे, की एकीकडे उतरणाऱ्या विमानांची रांग दुसरीकडून वर चढणाऱ्यांच्या वाटेत येते. त्यात जुहूहून समुद्रातील तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे आहेतच. अशा ठिकाणी दोन स्वतंत्र कक्षांनी फोनवर एकमेकांशी बोलत राहण्यापेक्षा एकाच कक्षाने सगळे चित्र पाहणे श्रेयस्कर. दोन्ही ठिकाणचे टॉवर मात्र स्वतंत्रच हवेत.

नियंत्रण एकत्र झाले, तर फनेल झोनमधील (विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या पट्ट्यातील) इमारतींची उंची वाढवता येईल का?

नाही. विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर भागातील पुनर्विकासाच्या बैठकांत हा प्रश्न हमखास निघतो. उंचीची मर्यादा धावपट्टीच्या टोकापासून चढत जाणाऱ्या काल्पनिक पृष्ठभागावरून ठरते, शिवाय रडार आणि इतर अँटेनांच्या जागेवरून. नियंत्रक नागपुरात बसला, तरी धावपट्टी आणि अँटेना जागच्या जागीच राहतात.

तिकीट स्वस्त होईल का?

त्याची आशा धरू नये. विमान कंपन्या मार्गासाठी आणि उतरण्याच्या नियंत्रणासाठी वेगवेगळे शुल्क प्राधिकरणाला देतात. लहान शहरे जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतील उड्डाणांना उतरण्याच्या नियंत्रणाचे शुल्क आधीच माफ आहे. म्हणजे ज्या लहान विमानतळांबद्दल आपण बोलतो आहोत, तेथे टॉवरचा खर्च विमाने भरून काढतच नाहीत. तो मोठ्या विमानतळांच्या उत्पन्नातून निघतो. एकत्रीकरणात हिशेब वेगळे मांडले गेले आणि ‘प्रत्येक टॉवरने आपला खर्च आपण काढावा’ असे ठरले, तर लहान विमानतळ अडचणीत येतील. शुल्काच्या दरापेक्षा हिशेब कोणत्या पद्धतीने मांडला जातो, याकडे लक्ष ठेवावे.

स्थानिक नोकऱ्यांचे काय?

नियंत्रकांच्या जागा थोड्या असतात आणि त्यांची बदली देशात कोठेही होते, त्यामुळे रोजगारावरील परिणाम संख्येने लहान आहे. परिणाम जाणवतो तो यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांच्या बाबतीत. तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी नसेल, तर दिशादर्शक यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीला तासांऐवजी दिवस लागतात.

आमच्या विमानतळाबाबत आम्ही कोणाला आणि काय विचारावे?

प्राधिकरणाच्या विमानतळांवर सल्लागार समिती असते आणि तिचे अध्यक्षपद सहसा स्थानिक खासदाराकडे असते. तेथे लेखी प्रश्न देता येतो, उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराचा मार्ग आहे. ‘टॉवर राहणार का?’ एवढेच विचारले, तर ‘राहणार’ असे उत्तर मिळेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. त्याऐवजी टॉवर रोज किती वाजेपर्यंत चालणार, वेळ वाढवून हवी असल्यास ती कोण आणि किती वेळात मंजूर करणार, अप्रोच कोणत्या कक्षातून मिळणार, त्या कक्षाशी जाणारा दुसरा संपर्कमार्ग पहिल्यापेक्षा वेगळ्या वाटेने जातो का, आणि हवामानाची निरीक्षणे रात्रीही प्रत्यक्ष विमानतळावरच घेतली जाणार का, हे विचारावे. दुसऱ्या संपर्कमार्गाबाबत ‘आहे’ एवढ्यावर थांबू नये. दोन्ही तारा रस्त्याच्या एकाच चरातून गेल्या असतील, तर रस्तारुंदीकरणाचा जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडतो.